हॅरिंगेचे पत्र : कौन्सिल टॅक्सची सवलत, तिच्यातील कपात आणि न विचारलेला प्रश्न

२९ ऑगस्ट २०१२ रोजी उत्तर लंडनमधील हॅरिंगे बरोच्या (लंडनच्या एका प्रशासकीय विभागाच्या) कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, आपल्या हद्दीतील कमी उत्पन्नाच्या रहिवाशांची मते मागवायला सुरुवात केली. कौन्सिल टॅक्स बेनिफिट ही सवलत घेणाऱ्या सुमारे ३६,००० घरांना पत्र गेले. सोबत प्रश्नावली होती, आणि उत्तर देण्यासाठी १९ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा आठवड्यांची मुदत होती. पत्राचा आशय असा होता की सरकारने ही सवलत बंद करायचे ठरवले आहे, तिच्या जागी प्रत्येक कौन्सिलने स्वतःची योजना आणायची आहे, त्या योजनेसाठी केंद्राकडून मिळणारा पैसा कमी असणार आहे, आणि त्यामुळे निवृत्तीच्या वयाखालील सवलतधारकांना यापुढे कराचा काही भाग स्वतःच्या खिशातून भरावा लागेल. भाषा सौम्य होती आणि मुदतही पुरेशी होती. तरीही दोन वर्षांनी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सल्लामसलत बेकायदा ठरवली. पत्रातून एक गोष्ट वगळली गेली होती, आणि हे सगळे प्रकरण त्या वगळण्याभोवती फिरते.

कल्याणकारी लाभांमध्ये वरून कपात झाली की तिची झळ बसलेल्या माणसाला पहिला आधार स्थानिक कौन्सिलचा असतो, असे ब्रिटनमध्ये गृहीत धरले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. हॅरिंगेत मात्र २०१३ साली जी कौन्सिल आधार देत होती, तीच कपातीचा आकार ठरवत होती आणि तीच थकबाकीसाठी समन्स काढत होती. या तीन भूमिका एका कार्यालयात एकवटल्या की काय होते, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे.

कर आणि त्यावरची सवलत

कौन्सिल टॅक्स म्हणजे ढोबळमानाने आपली घरपट्टी, पण त्यात एक महत्त्वाचा फरक आहे. घरपट्टीचे बिल मालकाच्या नावे निघते, तर कौन्सिल टॅक्स सामान्यतः त्या घरात राहणाऱ्याने, म्हणजे भाडेकरूनेही, भरायचा असतो. इंग्लंडमधील घरे एप्रिल १९९१ च्या बाजारभावानुसार ए ते एच अशा आठ पट्ट्यांमध्ये बसवलेली आहेत. डी पट्टा हा आधार मानून इतरांचा कर त्याच्या प्रमाणात ठरतो, आणि घरात एकच प्रौढ राहत असेल तर बिलात २५ टक्के सूट मिळते. हॅरिंगेत त्या काळी डी पट्ट्यातील घराचा वार्षिक कर सुमारे दीड हजार पौंड होता.

हा कर १९९३ च्या एप्रिलमध्ये आला तो पोल टॅक्स या डोईपट्टीच्या जागी. पोल टॅक्सचे तत्त्व असे होते की गरिबातल्या गरिबानेही काहीतरी भरलेच पाहिजे, आणि म्हणून सर्वांत मोठी सवलतदेखील ८० टक्क्यांवर थांबत असे. उरलेले २० टक्के बेकार माणसालाही चुकत नसत. ते वसूल करताना कौन्सिलांची किती दमछाक झाली आणि मार्च १९९० मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्या करावरून कशी दंगल झाली, हे त्या पिढीला सांगावे लागत नाही. या अनुभवातून शहाणे होऊनच कौन्सिल टॅक्स बेनिफिटची रचना अशी केली गेली की ज्याचे उत्पन्न किमान पातळीवर आहे त्याचा पूर्ण कर माफ व्हावा. सवलतीवर प्रत्यक्षात जितका खर्च होईल तितका केंद्र सरकार कौन्सिलला भरून देत असे. मंदी आली आणि सवलत मागणारे वाढले तर तो बोजा कौन्सिलवर पडत नसे.

२०१० मध्ये सत्तेवर आलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडी सरकारने ही व्यवस्था मोडली. २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्याने जुनी सवलत १ एप्रिल २०१३ पासून रद्द केली, आणि त्याच वर्षीच्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स कायद्याने प्रत्येक कौन्सिलला स्वतःची सवलत योजना करायला सांगितले. तिच्यासाठीचा निधी आधीच्या अंदाजित खर्चाच्या ९० टक्के असणार होता, आणि तोही ठरावीक रकमेच्या स्वरूपात, म्हणजे लाभार्थी वाढले तर जोखीम कौन्सिलची. योजना ३१ जानेवारी २०१३ पर्यंत मंजूर झाली नाही तर जुन्यासारखीच एक साचेबंद योजना आपोआप लागू होणार होती आणि तूट कौन्सिलच्या माथी बसणार होती.

यातली खरी मेख एका अटीत होती. निवृत्तीच्या वयावरील लोकांची सवलत देशभर एकाच नियमाने सुरक्षित ठेवली होती आणि तिला हात लावण्याचा अधिकार कौन्सिलला नव्हता. म्हणजे दहा टक्क्यांची तूट सर्वांवर सारखी वाटली जाणार नव्हती, ती फक्त कामाच्या वयातील लोकांवर येणार होती. समजा, सवलतीचा निम्मा खर्च वृद्धांवर होत असेल, तर उरलेल्या निम्म्यातून संपूर्ण तूट काढायची म्हणजे त्या लोकांची कपात दहाची वीस टक्के होते. शिवाय कौन्सिलने अपंगांनाही वगळले, तर बाकीच्यांचा वाटा आणखी वाढतो. हॅरिंगेच्या अंतिम योजनेतला आकडा १९.८ टक्के होता. पोल टॅक्सचा वीस टक्क्यांचा वाटा तेवीस वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आला होता, फक्त या वेळी तो आणणारा हात केंद्र सरकारच्या कचेऱ्या असलेल्या व्हाइटहॉलमधला आहे की हॅरिंगेतल्या वुड ग्रीनच्या कौन्सिल कार्यालयातला, हे सामान्य माणसाला सांगता येणे कठीण होते.

पत्रात काय नव्हते

कायद्याने कौन्सिलवर बंधन घातले होते की योजनेचा मसुदा प्रसिद्ध करावा आणि जिच्याशी लोकांचा संबंध येईल त्या योजनेबद्दल त्यांची मते घ्यावीत. आपल्याकडे महापालिका विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवते, त्याच जातीची ही प्रक्रिया. पुष्कळदा ती उपचार म्हणून उरकली जाते, हे दोन्हीकडे सारखेच.

हॅरिंगेच्या पत्राने तूट आणि कपात यांची थेट सांगड घातली होती. केंद्राने पैसा कमी केला, सबब सवलत कमी होणार, असा तो सरळ उतार होता. आता तुमची कपात कशा पद्धतीने करावी, कोणाला वगळावे, एवढेच लोकांना विचारले होते. पण तूट भरून काढण्याचे आणखी तीन मार्ग कौन्सिलपुढे होते. सगळ्याच रहिवाशांचा कौन्सिल टॅक्स थोडा वाढवता आला असता, एखाद्या सेवेवरचा खर्च कमी करता आला असता, किंवा गंगाजळीतून पैसा काढता आला असता. यांपैकी एकाही मार्गाचा उल्लेख पत्रात नव्हता. कौन्सिलने ते मार्ग विचारात घेऊन बाजूला ठेवले होते, आणि तसे करण्यामागे तिची कारणेही होती. कर दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर स्थानिक सार्वमत घ्यावे लागले असते, आणि कर न वाढवणाऱ्या कौन्सिलांना केंद्र जे अनुदान देत होते त्यावर पाणी सोडावे लागले असते. २०१० पासून केंद्राचे अनुदान कमी होत गेल्यामुळे सेवांना आधीच कात्री लागलेली होती. ही कारणे लंगडी होती असे म्हणता येणार नाही. ती लोकांना सांगितली गेली नाहीत, एवढाच आक्षेप आहे आणि तो पुरेसा आहे.

इतर कौन्सिलांनी हेच पर्याय वापरले होते, हेही ध्यानात ठेवायला हवे. इंग्लंडमधील ३२६ कौन्सिलांपैकी ५८ कौन्सिलांनी पहिल्या वर्षी तूट स्वतः सोसली आणि जुनी सवलत जशीच्या तशी चालू ठेवली. वेल्समध्ये तिथल्या सरकारने आणि स्कॉटलंडमध्ये सरकार व कौन्सिलांनी मिळून ती भरून काढली. म्हणजे कपात अटळ नव्हती. ती एक निवड होती, कदाचित नाइलाजाने केलेली, पण निवडच.

माझ्या मते या पत्रातली खरी गफलत राजकीय सोयीतून आली. हॅरिंगेत सत्ता लेबर पक्षाची होती, आणि वेस्टमिन्स्टरमधले सरकार विरोधकांचे. ‘सरकारने ठरवले आहे’ हे वाक्य अशा परिस्थितीत लिहायला सोपे असते आणि वाचणाऱ्यालाही ते पटते. दोष केंद्राचा होता, हे खरेच होते. पण तो दोष पुढे करताना कौन्सिलचा स्वतःचा निर्णयही त्याच्या आड गेला, आणि ज्यांच्याशी तिला सहानुभूती होती त्याच लोकांना तिने अर्धवट माहिती दिली.

मतमागणी चालू असतानाच १६ ऑक्टोबर २०१२ रोजी केंद्राने आणखी एक घोषणा केली. ज्या कौन्सिला पूर्ण सवलत घेणाऱ्यांकडून साडेआठ टक्क्यांहून अधिक कर घेणार नाहीत, त्यांच्यासाठी एका वर्षापुरते १० कोटी पौंडांचे ऐच्छिक अनुदान जाहीर झाले. हॅरिंगेच्या हिशेबाने त्या अनुदानाने तूट पुरती भरत नव्हती. तरी लोकांचे मत मागणे चालू होते, प्रश्नावल्या घरोघरी पडून होत्या, मुदत संपायला महिना बाकी होता, आणि तरीही या नव्या पर्यायाची माहिती त्यांना कळवली गेली नाही. शेवटी सुमारे १,३०० उत्तरे आली. ३६,००० पत्रांना १,३०० उत्तरे म्हणजे शंभरातून चारही नाहीत. त्या उत्तरांचा एक परिणाम निश्चित झाला : अपंगांना मिळणाऱ्या काही भत्त्यांवर असलेल्या लोकांना कपातीतून वगळण्यात आले. १७ जानेवारी २०१३ रोजी कौन्सिलने योजना मंजूर केली.

एप्रिल २०१३

ही कपात एकटी आली असती तर कदाचित सोसली गेली असती. पण त्या एप्रिलमध्ये एकापाठोपाठ एक गोष्टी लागू झाल्या. कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (स्वस्त भाड्याची घरे देणाऱ्या बिगरनफा संस्थेच्या) घरात एखादी खोली ‘जादा’ ठरली तर घरभाडे लाभासाठी धरल्या जाणाऱ्या भाड्यातून १४ टक्के, आणि दोन किंवा अधिक जादा असतील तर २५ टक्के कपात सुरू झाली. हाच तो लोकांच्या तोंडी बसलेला ‘बेडरूम टॅक्स’. अडीअडचणीला मिळणारी सोशल फंडाची तातडीची कर्जे आणि अनुदाने केंद्राने बंद करून ती जबाबदारी इंग्लंडमध्ये कौन्सिलांकडे सोपवली. बहुतेक भत्त्यांची वार्षिक वाढ एका टक्क्यावर रोखली गेली, त्यामुळे पंचविशीवरच्या एकट्या बेकार माणसाचा आठवड्याचा भत्ता ७१ पौंडांवरून ७१.७० पौंड झाला.

आणि हॅरिंगेच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. एका कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण लाभांवर आठवड्याला ५०० पौंडांची मर्यादा घालण्याचा निर्णय देशभर जुलैपासून अमलात येणार होता. त्याआधी १५ एप्रिलपासून लंडनच्या चार बरोंमध्ये तो आजमावून पाहण्यात आला : ब्रॉम्ली, क्रॉयडन, एनफिल्ड आणि हॅरिंगे. मर्यादेवरची रक्कम घरभाड्याच्या लाभातून कापली जायची, आणि कापणारी यंत्रणा होती कौन्सिलच.

हिशेब असा बसतो. तीन मुलांची एकटी आई, काम नाही. तिचा स्वतःचा भत्ता ७१.७०, मुलांचा चाइल्ड बेनिफिट ४७.१० आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट सुमारे १६७ पौंड, असे आठवड्याला सुमारे २८६ पौंड होतात. मर्यादेतून हे वजा केले तर भाड्यासाठी २१४ उरतात. लंडनमधल्या खासगी घराचे भाडे तीनशे असेल तर दर आठवड्याला ८६ पौंडांचा खड्डा. त्या आईने आठवड्याला सोळा तासांचे काम मिळवले आणि ती वर्किंग टॅक्स क्रेडिटला, म्हणजे कमी पगारावर काम करणाऱ्यांना मिळणाऱ्या पूरक रकमेला, पात्र झाली, तर मर्यादा तिला लागू होत नसे. म्हणून कौन्सिलचे कर्मचारी आणि जॉबसेंटरचे, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाचे, अधिकारी एकत्र बसून अशा कुटुंबांना काम शोधायला मदत करत होते. खेरीज भाड्याचा खड्डा तात्पुरता बुजवण्यासाठी कौन्सिलकडे डिस्क्रेशनरी हाउसिंग पेमेंट नावाचा स्वेच्छानिधी होता. त्यासाठी केंद्राने देशभर दिलेली रक्कम २०१२–१३ मधील ६ कोटी पौंडांवरून पुढच्या वर्षी १८ कोटींवर नेली. हॅरिंगेत मर्यादेत सापडलेल्या पुष्कळ कुटुंबांनी या निधीच्या आधारावर ते वर्ष काढले. कौन्सिलने चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ हाउसिंग या गृहनिर्माण क्षेत्रातील व्यावसायिकांच्या संस्थेसोबत या अनुभवाचा अहवालही २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केला. याबाबतीत कौन्सिलला श्रेय दिलेच पाहिजे, कारण आपल्या हद्दीत काय घडते आहे ते तिने नोंदवून लोकांपुढे ठेवले.

पण या स्वेच्छानिधीला एक कुंपण होते. तो फक्त घराच्या खर्चासाठी वापरता येत असे, कौन्सिल टॅक्ससाठी नाही. करात अडलेल्या माणसासाठी कायद्यात एकच फट होती : १९९२ च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स कायद्याचे कलम १३ए. त्यानुसार कौन्सिल कोणाचाही कर तिला योग्य वाटेल तितका कमी करू शकते. मात्र त्याचा पैसा केंद्र देत नाही, तो कौन्सिलच्या तिजोरीतून जातो. ज्या तिजोरीतली तूट भरण्यासाठी कर बसवला, तिच्यातूनच तो माफ करायचा. ही फट अरुंद का राहते, हे यावरून कळेल.

न्यायालयात

कौन्सिलच्या निर्णयाला हॅरिंगेतल्या दोन एकल मातांनी आव्हान दिले. दोघींना जुन्या व्यवस्थेत पूर्ण सवलत मिळत होती. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांचे म्हणणे फेटाळले, आणि त्याच महिन्यात अपील न्यायालयानेही. एप्रिलमध्ये योजना सुरू होणार असल्यामुळे दोन्ही न्यायालयांनी घाईने सुनावणी घेतली होती. तूट भरण्याचे इतर मार्ग असतात हे वाचणाऱ्याला सहज उमगण्यासारखे आहे, असा खालच्या न्यायालयाचा कल होता. मग त्यांपैकी एकीचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २९ ऑक्टोबर २०१४ रोजी निकाल लागला. लेडी हेल, लॉर्ड केर, लॉर्ड क्लार्क, लॉर्ड विल्सन आणि लॉर्ड रीड या पाचही न्यायमूर्तींचे निष्कर्षावर एकमत होते.

लॉर्ड विल्सन यांनी आधार घेतला तो १९८५ च्या एका खटल्याचा. ब्रेंट बरोतल्या शाळांच्या फेररचनेवरून तो उभा राहिला होता, आणि त्यात स्टीफन सेडली या बॅरिस्टरने सल्लामसलतीच्या चार अटी मांडल्या होत्या. प्रस्ताव कच्च्या अवस्थेत असतानाच मत विचारावे, लोकांना विचारपूर्वक उत्तर देता येईल इतकी कारणे द्यावीत, पुरेसा वेळ द्यावा, आणि आलेली मते निर्णय घेताना प्रामाणिकपणे लक्षात घ्यावीत. हॅरिंगेने वेळ दिला होता. कमी पडली ती दुसरी अट. लॉर्ड विल्सन यांनी दोन बाबींवर भर दिला. एक, कोणाला नव्याने लाभ नाकारण्यापेक्षा असलेला लाभ काढून घेताना न्याय्यतेची अपेक्षा अधिक असते. दुसरी बाब मला अधिक मोलाची वाटते : माहिती किती तपशिलाने द्यायची, हे मत कोणाला विचारले जात आहे त्यावरही अवलंबून असते. एखाद्या संघटनेच्या वकिलाला जे न सांगता कळेल, ते आठवड्याला सत्तर पौंडांत घर चालवणाऱ्या माणसाला कळेलच असे नाही. कौन्सिलच्या अंदाजपत्रकात गंगाजळी नावाची गोष्ट असते, ती किती आहे आणि तिला हात लावता येतो, हे त्याला सांगावे लागते. पत्राने तसे केले नाही, उलट तूट म्हणजे कपातच असा समज करून दिला, आणि तो दिशाभूल करणारा होता.

लॉर्ड रीड त्याच ठिकाणी वेगळ्या वाटेने पोहोचले. त्यांच्या मते या प्रकरणात कर्तव्य उगवते ते कायद्याच्या हेतूतून. संसदेने इथे सल्लामसलत सक्तीची केली ती लोकांनी निर्णयप्रक्रियेत भाग घ्यावा म्हणून, आणि कशाकशातून निवड करायची हेच माहीत नसेल तर असा सहभाग नावापुरता राहतो. पर्यायांची सविस्तर चर्चा करावी असे त्यांचेही म्हणणे नव्हते. पर्याय कोणते आणि ते का नाकारले, हे थोडक्यात सांगितले असते तरी भागले असते. म्हणजे हॅरिंगेचा दोष तीन-चार वाक्यांत टळला असता.

निकाल त्या मातेच्या बाजूने लागला, पण तिच्या बिलात त्याने फरक पडला नाही. नव्याने सल्लामसलत घ्यायला लावावे ही तिची मागणी न्यायालयाने नाकारली. योजना तोवर दुसऱ्या वर्षात होती, आणि दोन वर्षांमागच्या निर्णयाची प्रक्रिया पुन्हा करायला लावणे प्रमाणाबाहेरचे ठरले असते. सल्लामसलत बेकायदा होती अशी घोषणा झाली. १९.८ टक्के जागच्या जागी राहिले.

एकशे पंचवीस पौंड

एखाद्या घरासाठी १९.८ टक्के म्हणजे किती, तेही मोजून पाहावे. सी पट्ट्यातल्या घरात एकटी आई मुलांसह राहते. एका प्रौढाची २५ टक्के सूट धरून तिचा वार्षिक कर हजार पौंडांच्या आसपास येतो, आणि त्याचे १९.८ टक्के म्हणजे सुमारे १९७ पौंड, आठवड्याला पावणेचार. कौन्सिलच्या सभागृहात हा आकडा किरकोळ वाटतो. ज्या घरात वीज आणि गॅसच्या मीटरमध्ये आधी पैसे भरून मग चूल पेटते, तिथे तो तसा वाटत नाही.

हप्ता चुकला की स्मरणपत्र येते, मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचे समन्स. तिथे एकेकाची बाजू ऐकली जाते असे क्वचितच घडते. शेकडो नावांची यादी एकदम पुढे येते आणि देणे असल्याचा आदेश सरसकट निघतो. त्या आदेशानंतर कौन्सिलला बेलिफ (जप्तीचा अंमलदार) पाठवता येतो किंवा थेट भत्त्यातून पैसे कापून घेता येतात. २०१३–१४ मध्ये ही कापणी आठवड्याला ३.६० पौंड होती. या दोन आकड्यांची तुलना फार कमी वेळा केली जाते. वरच्या उदाहरणातल्या आईचा चालू कर आठवड्याला ३.७८ पौंड आहे आणि जुनी थकबाकी ३.६० च्या गतीने फिटते आहे. म्हणजे मागच्या वर्षाचे देणे फिटेपर्यंत यंदाचे त्याहून मोठे देणे उभे राहिलेले असते. शिवाय समन्सचा खर्च. हॅरिंगे तो प्रत्येकाकडून १२५ पौंड लावत असे. तेवढेच फेडायला पस्तीस आठवडे लागतात.

या १२५ पौंडांना एका माणसाने हात घातला. पॉल निकोल्सन हे चर्च ऑफ इंग्लंडचे निवृत्त पाद्री हॅरिंगेतल्या टॉटनहॅममध्ये राहत. कर्जात बुडालेल्या गरिबांसाठी झॅकियस २००० ट्रस्ट ही संस्था त्यांनी १९९७ मध्ये उभी केली होती. बेकारांकडून कर घेण्याच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःचा कौन्सिल टॅक्स भरायचे जाणूनबुजून थांबवले, म्हणजे समन्स यावे आणि कोर्टात उभे राहता यावे. ऑगस्ट २०१३ मध्ये टॉटनहॅमच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात त्यांनी एकच साधा प्रश्न विचारला : हा आकडा कसा काढला? त्याचे उत्तर तिथे मिळाले नाही, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मे २०१५ मध्ये न्यायमूर्ती जेराल्डिन अँड्र्यूज यांनी निकाल दिला की कायदा फक्त वाजवी आणि प्रत्यक्ष झालेला खर्च घ्यायला परवानगी देतो, आणि तो खर्च कसा झाला याची पुरेशी माहिती समोर नसताना मॅजिस्ट्रेटांनी दिलेला आदेश बेकायदा होता.

एकाच कौन्सिलविरुद्ध, एकाच कराबाबत, सहा-सात महिन्यांच्या अंतराने लागलेले हे दोन निकाल शेजारी ठेवले की त्यांच्यातले साम्य लक्षात येते. कौन्सिलला कर बसवण्याचा अधिकार नाही असे दोन्हीपैकी एकाही न्यायालयाने म्हटले नाही, किंवा रक्कम अन्यायाची आहे असेही म्हटले नाही. पहिल्यात कौन्सिलने पर्याय सांगितले नव्हते, दुसऱ्यात हिशेब. निकोल्सन यांच्याकडे वेळ होता, नाव होते आणि बेलिफची भीती नव्हती. समन्सच्या यादीतल्या बाकीच्या नावांकडे यातले काही नव्हते, आणि त्यांच्या खात्यावर १२५ पौंड मुकाट्याने चढत राहिले होते.

त्यानंतर

हॅरिंगेचा निकाल आता इंग्लंडमध्ये सल्लामसलतीच्या कायद्याचा प्रमुख आधार मानला जातो, आणि त्याचा सर्वांत दृश्य परिणाम अगदी घरगुती स्वरूपाचा आहे. सवलत योजनेत बदल करू पाहणाऱ्या कौन्सिलांच्या प्रश्नावल्यांमध्ये हल्ली हमखास एक भाग असतो : त्याऐवजी सर्वांचा कर वाढवावा का, सेवा कमी कराव्यात का, गंगाजळी वापरावी का, आणि हे पर्याय आम्हाला का योग्य वाटत नाहीत. कित्येकदा हा मजकूर वकिलाने तपासून घातल्यासारखा कोरडा असतो, आणि कौन्सिलचा निर्णय आधीच झाला आहे हे त्याच्या सुरावरून कळते. तरीही भरणाऱ्याला आपल्या नावावरच्या कपातीच्या जागी दुसरे काय होऊ शकले असते, हे निदान कागदावर दिसते.

खुद्द हॅरिंगेत बदल व्हायला आणखी साडेचार वर्षे गेली. एप्रिल २०१९ पासून कौन्सिलने मुले असलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पुन्हा पूर्ण सवलत द्यायला सुरुवात केली. हा निर्णय न्यायालयाच्या आदेशाने आलेला नव्हता. २०१८ च्या स्थानिक निवडणुकीनंतर बदललेल्या नेतृत्वाने तो घेतला, आणि त्यासाठी लागणारा पैसा कौन्सिलने आपल्याच अंदाजपत्रकातून काढला, म्हणजे २०१२ च्या पत्रात ज्याचा उल्लेखही नव्हता त्या वाटेने. कामाच्या वयातल्या, मुले नसलेल्या आणि अपंगत्वाचा भत्ता न मिळणाऱ्या रहिवाशांच्या बिलांवर मात्र १९.८ टक्क्यांची ओळ त्यानंतरही छापून येत राहिली.